पहिलं काम घरातल्या माणसाचं

आबांचा नियम मोडायची या घरात अजून कुणाची छाती झाली नव्हती. नव्या हाताचं पहिलं काम घरातल्या माणसाचं, आणि तेही घराच्या साक्षीनं. काम झालं की ते हातोहात फिरायचं, प्रत्येकानं उलटी बाजू बघायची आणि शेवटी कुणीतरी एकानं एक खोट मोठ्यानं सांगायची. खोट काढायचीच. नाही काढली तर माणूस शेफारतो, असं आबांचं मत होतं, आणि दोन मुलगे व दोन सुना यांना शेफारण्यापासून वाचवल्याचं श्रेय ते आजही स्वतःकडे घेत.

थोरलीचं पहिलं काम म्हणजे आबांचाच कोट. लग्न होऊन ती या रफूच्या घरात आली तेव्हा तिला गुंडी लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. वर्षभर शिकवल्यावर आबांनी आपल्या चांगल्या कोटाच्या बाहीला जळती काडी लावून भोक पाडलं आणि कोट तिच्या मांडीवर टाकला. धाकटीच्या वेळी तिच्या नवऱ्याची पँट होती. तिथे भोक पाडावं लागलं नाही, त्याच्या पँटी आपोआप फाटत. आता आबांच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं, पण आज रविवारी सकाळी ते खुर्ची ओढून दुकानाच्या मागच्या खोलीच्या दारात बसले होते. आजचा नवा हात थोरलीच्या मुलीचा होता, आणि तिचं कापड म्हणजे माणसाची कातडी होती.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही, त्यामुळे रफूच्या बैठकीवर ती टिकली नाही यात नवल नव्हतं. टॅटू काढायला शिकायचं म्हणून ती घरातून निघाली तेव्हा थोरलीनं तिला सुनावलं होतं, की आपण लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवतो आणि तू लोकांनाच भोकं पाडायला चाललीस. पुढची चार वर्षं मायलेकींचं बोलणं जेवलीस का आणि पोचलीस का यापलीकडे गेलं नाही. मुलगी परत आली ती तिच्या काकूमुळे. दुकानाची मागची खोली भिंगरीला द्यायची, हे धाकटीनं लावून धरलं. तिच्या नवऱ्याचा विरोध होता, थोरलीचा तर होताच. महिनाभर घरात भांड्यांचे आवाज वाढले होते. शेवटी आबा धाकटीच्या बाजूला गेले आणि विषय संपला. आपल्या मुलीसाठी आपण भांडायला हवं होतं ते जाऊ भांडली, ही गोष्ट थोरलीच्या मनाला लागून राहिली होती, आणि ती कुणाजवळ बोलताही येत नव्हती.

खोली मात्र ओळखू येत नव्हती. भिंतींना पांढरा रंग दिला होता, खिडकीपाशी उंच अरुंद पलंग होता, शेजारी स्टीलच्या ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढ्या शाईच्या वाट्या मांडल्या होत्या. सगळीकडे जंतुनाशकाचा वास. आबांची जुनी रफूची चौकट तेवढी भिंतीवर टांगून ठेवलेली होती, म्हणजे आबांना परकं वाटायला नको.

"हं, पहिलं काम कुणाचं?" आबांनी विचारलं.

धाकट्याकडे कुणी बघितलंही नाही. जन्म सुयांत गेलेला हा माणूस इंजेक्शन बघून दवाखान्यात दोनदा आडवा झाला होता. आबांनी स्वतःचा हात पुढे केला, पण भिंगरीनं त्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि नको म्हटलं, कारण ती कातडी आता विरलेल्या मलमलीसारखी झाली होती. थोरला नेहमीप्रमाणे दुसरं कुणीतरी बोलेल याची वाट बघत उभा होता. धाकटीनं बाही कोपरापर्यंत दुमडूनच ठेवली होती. मनगटावर एक छोटं फूल काढायचं, हे काकू-पुतणीचं आठवड्यापूर्वीच ठरलेलं होतं.

"माझं काढ," थोरली म्हणाली.

भिंगरीच्या हातातला रबरी मोजा अर्धाच चढलेला राहिला. "तुझं? कुठे?"

"पोटावर. तो हर्नियाचा वण आहे ना माझा, तो झाकायचाय. मोठा आहे जरा."

थोरला छताकडे बघायला लागला. गेल्या तीन वर्षांत घरात हर्निया हा शब्द निघाला की त्याला छतावर काहीतरी दिसत असे. आबांनी मात्र डोळे पुसले. ज्या आईनं लेकीच्या कामाला नाक मुरडलं तीच आज तिच्या सुईखाली आपण होऊन पोट धरतेय, याहून जास्त त्यांना आयुष्याकडून काही नको होतं. ते तसं बोललेही.

त्यात खोटं काही नव्हतं. थोरलीला मुलीला काहीतरी द्यायचं होतंच. पण तेवढंच नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. मध्यंतरी डॉक्टरीणबाईंनी दोघी जावांना सांगितलं होतं, की दिवसभर मांडी घालून बसून गुडघे गेलेत, आता तलावावर जाऊन पाण्यात चाला. धाकटीनं पोहण्याचे कपडेही आणून ठेवले होते. तिथे कपडे बदलायची खोली एकच होती, पडदा नसलेली. थोरलीनं कधी सर्दी काढली, कधी पाठ काढली, आता सबबींचा साठा संपत आला होता. वण एकदा पानाफुलांखाली गेला की तो कसला होता हे विचारायला कुणी येणार नाही, असा तिचा हिशेब होता. आयुष्यभर दुसऱ्यांचं फाटलेलं झाकणाऱ्या बाईला स्वतःबद्दल याहून वेगळं काही सुचणं कठीणच.

पुरुष बाहेर गेले. आबांची खुर्ची दुकानात सरकवली गेली, मधलं दार लागलं. धाकटी मात्र हलली नाही. तिनं दुमडलेली बाही सावकाश सरळ केली, मनगटाची गुंडी लावली आणि म्हणाली, "साक्षीला घरातलं कुणीतरी लागतंच. मी थांबते."

याचा विचार थोरलीनं केलाच नव्हता.

भिंगरीनं काकूला दिव्याची लांब वायर आणायला पुढे पाठवलं, तेवढ्यात थोरलीनं स्कर्टची कमर सैल करून खाली सरकवली आणि डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर मुलगी हात मागे बांधून उभी होती.

वण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत गेला होता, हसऱ्या तोंडासारखा वर वळलेला. बेंबीभोवती आणखी एक बारीक गोल कडा.

"आई, हर्निया असा नसतो," भिंगरी म्हणाली. "मी शिकत होते तिथे असे दोन वण झाकलेत. पोट कापून कमी करतात त्याचे."

"माहितीये."

"बेंबीसुद्धा नवी केलीय तुझी."

"हो."

भिंगरीनं मोजा घातलेलं बोट बेंबीच्या खाली टेकवलं. "इथे माझ्या वेळच्या रेघा होत्या. लहानपणी त्यांच्यावर बोट फिरवल्याशिवाय मला झोप यायची नाही. त्यापण नेल्या त्यांनी."

थोरलीला वाटलं होतं मुलगी रागावेल, किंवा हसेल. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या रेघांना कुणीतरी आपलं मानत होतं, हे तिला कापायच्या आधी कळायला हवं होतं. तिनं एवढंच म्हटलं, की काकूला यातलं काही माहीत नाही आणि कळताही कामा नये. भिंगरीनं का म्हणून विचारलं.

"तिची आई त्याच दिवसांत गेली ग."

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी दुकानात एक जुनी गिऱ्हाईक बाई शाल घेऊन आली. थोरली चौकटीवर वाकलेली, पोट चौकटीच्या कडेवर टेकलेलं. बाईंनी फार मायेनं विचारलं, कितवा महिना. थोरलीची पंचेचाळिशी उलटलेली. गल्ल्यावर बसलेली धाकटी फस्सकन हसली. काडीसारखी धाकटी, तिच्या पोटाला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. बाई ओशाळून गेल्या, धाकटी दोन मिनिटांत विसरली, आणि थोरलीच्या डोक्यात मात्र ते हसू घर करून बसलं. तिनं नवऱ्याला पटवलं. पटवलं म्हणजे तिनं सांगितलं आणि तो हो म्हणाला. घरात हर्नियाची बातमी दिली आणि दुसऱ्या गावचं हॉस्पिटल ठरवलं, म्हणजे भेटायला कुणी येणार नाही. आबा तेव्हा तापानं झोपलेले. दुकान, घर आणि आबा असं सगळं धाकटीच्या अंगावर पडलं. त्याच आठवड्यात धाकटीच्या भावाचा फोन आला, आईचं बरं नाही, येऊन जा. ताई घरी आल्या की येते, असं धाकटीनं कळवलं. आई तेवढी थांबली नाही.

ऑपरेशन हौसेचं होतं हे धाकटीला कळलं तर काय होईल, याची थोरलीनं तीन वर्षांत हजारदा कल्पना केली होती. भांडण झालं तर परवडलं असतं. तिला भीती होती ती धाकटीनं काहीच न बोलता नवऱ्याला घेऊन वेगळं होण्याची. एका चौकटीच्या दोन बाजूंना बसून दोघींनी पंचवीस वर्षं काढली होती. थोरलीचं दुसरं कुणी मैत्रीण म्हणावं असं माणूस नव्हतं, आणि हे तिला त्या खोट्यापायीच नीट कळलं होतं.

धाकटी वायर घेऊन आली. थोरलीनं झटकन टॉवेल ओढून घेतला. भिंगरीनं काकूला बाहेर बसतेस का म्हणून विचारून बघितलं, पण काकूनं दिवा लावला, पलंगाच्या डोक्याशी स्टूल ठेवलं आणि बसली. टॉवेल काढावाच लागला.

धाकटीनं बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तिनं फक्त दिवा थोडा खाली वाकवला, म्हणजे उजेड नीट पडावा.

भिंगरीनं कातडी पुसली, कागदावर काढलेल्या वेलीचा ठसा पोटावर उमटवला आणि काम सुरू केलं. हात चालू लागला तशी तिची जीभही चालू लागली, बहुधा खोलीत दुसरं कुणी बोलत नव्हतं म्हणून. रफूत आपण फाटलेली रेघ नाहीशी करतो, ती म्हणाली, इथे ती नाहीशी होत नाही. कितीही शाई भरली तरी उंचवटा हाताला लागतोच. म्हणून रेघेशी भांडायचं नाही. तिचीच फांदी करायची आणि वरखाली पानं लावत जायचं, म्हणजे नजर पानांवर जाते. आबांनी हे ऐकलं असतं तर खूश झाले असते की चिडले असते, हे सांगणं कठीण होतं.

"दुखतंय का?" धाकटीनं विचारलं.

"नाही. इथे काही कळतच नाही मला. तेव्हापासून."

बोलून गेल्यावर थोरलीच्या लक्षात आलं, की त्या पोटाबद्दल जावेशी ती तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलली होती. चौकटीची कड आता पोटाला टेकली तरी जाणवायची नाही. कधी कधी खाली बघून खात्री करून घ्यावी लागे. ज्यासाठी एवढं सगळं केलं ते पोट सपाट झालं खरं, पण ते तिला स्वतःचं वाटत नव्हतं. हे कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं छताकडे बघितलं असतं.

डावीकडून निघालेली वेल मध्यावर आली, बेंबीखालून पुढे सरकली. पानं दिसायला लागली होती, आणि खरंच चांगली होती. उजव्या टोकाशी सुई पोचली तेव्हा थोरली एकदम कळवळली. भिंगरीनं मशीन थांबवलं आणि दिव्याखाली वाकून पाहिलं.

"इथे काय झालं होतं? बाकी वण कसा बारीक आहे. डॉक्टरचा हात चांगला होता. इथेच दोन बोटं रुंद आणि जाड. टाके उसवले होते का?"

डोक्याशी बसलेली धाकटी म्हणाली, "सांगा ना, ताई."

"उठले होते मी."

"कधी? पडून राहायला सांगितलं असेल की," भिंगरी म्हणाली.

"काकूची आई गेली त्या दिवशी."

दिव्यावरचा धाकटीचा हात तसाच राहिला. थोरलीला आता थांबता येईना. फोन आला तेव्हा ती धड सरळ उभीही राहू शकत नव्हती. नर्सनं नाही म्हटलं, डॉक्टर ओरडले, नवरासुद्धा आयुष्यात पहिल्यांदा नको म्हणाला. तिनं ऐकलं नाही. धाकटीच्या माहेरच्या इमारतीत नेमकी लिफ्ट बंद होती. कठडा धरून वाकत वाकत ती वर चढली, आणि जिन्यात कधीतरी उजवीकडे काहीतरी सुटल्यासारखं झालं. दारात पोचली तर धाकटीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. ती भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि परत उतरली. गाडीत बसल्यावर कपड्याला रक्त लागल्याचं नवऱ्याच्या लक्षात आलं.

"त्या घरात मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही," धाकटी म्हणाली.

"तू कशाला विचारशील? तुझी आई गेली होती. माझ्यामुळे तुला भेटता आलं नाही." थोरलीनं छताकडे बघितलं. तिथे खरोखरच काही नव्हतं. "आणि हर्निया नव्हताच तो. पोट कमी करून घेतलं मी. हौसेनं."

"माहितीये मला."

आता थोरलीनं मान उचलली. भिंगरीनं तिला हलू नकोस म्हणून खांद्याला धरून पुन्हा निजवलं.

"कधीपासून?"

"तुम्ही गेलात त्याच आठवड्यापासून. भाऊजी जादा कपडे न्यायला येणार होते, म्हणून गाऊन काढायला तुमचं कपाट उघडलं. सगळ्या कपड्यांच्या कमरा चारचार बोटं आत घेतलेल्या. टाका तुमचा, दुसऱ्या कुणाचा असणार? हर्नियाचं ऑपरेशन व्हायच्या आधी कमरा आत घेऊन ठेवणारं माणूस मी तरी दुसरं बघितलं नाही."

थोरलीला ते दिवस आठवले. महिनाभर दुपारी घर वामकुक्षी घेत असताना ती कडी लावून एकेक कपडा हातात घेत होती. घरी आल्यावर सैल कपडे बघून कुणी विचारायला नको, म्हणून सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. आणि कपडे कुणाच्या नजरेला पडतील तर सुईवाल्या घरात धाकटीच्याच, एवढं साधं तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तू तेव्हाच का नाही गेलीस आईकडे?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, पण विचारल्याशिवाय राहवलंही नाही. "कळलं होतं तर माझ्यासाठी का थांबलीस?"

भिंगरीनं मशीन ट्रेमध्ये ठेवून दिलं होतं.

"तुमच्यासाठी नाही थांबले," धाकटी म्हणाली. "राग आला होता. दुकान बंद करून, आबांना शेजारी सांगून मला दोन दिवस जाता आलं असतं. भाऊसुद्धा तेच म्हणत होता. पण मी म्हटलं, नाही जायचं. ताई परत आल्या की त्यांच्यापुढे उभी राहीन आणि सांगेन, तुमच्या हौसेपायी माझी आई आजारी असताना मी इथे राबत होते. जन्मभर बोलून दाखवायला काहीतरी मिळावं म्हणून थांबले. ती इतक्यात जाईल असं वाटलं नव्हतं."

"कधी बोलून तर दाखवलं नाहीस."

"कुठल्या तोंडानं दाखवू? तुमचं उघडं करायला गेले असते तर माझंही उघडं पडलं असतं." तिनं ओढणी नाकाला लावली. "मला एवढंच कळत नव्हतं, की तुम्ही मला का सांगितलं नाही. मी तुम्हाला नको म्हटलं असतं का? आबांना थापा मारायला मीच मदत केली असती."

"तू हसली होतीस."

"कधी?"

"ती शालवाली बाई मला कितवा महिना म्हणाली, तेव्हा."

धाकटीनं आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं, हे थोरलीला दिसत होतं. "मला आठवतसुद्धा नाही, ताई," ती शेवटी म्हणाली, आणि तिला रडू आलं ते तिथे. आईचं बोलताना तिनं धीर धरला होता.

थोरलीला पलंगावरून उठता येत नव्हतं. तिनं हात मागे नेला, आणि हाताला धाकटीचं मनगट लागलं, ज्याच्यावर आज फूल यायचं होतं. तिनं ते धरून ठेवलं. भिंगरी दोघींकडे पाठ करून उगाचच शाईच्या वाट्या सरळ करत राहिली. दुकानातून आबांचा खाकरल्याचा आवाज आला, म्हणजे त्यांचा धीर संपत आला होता.

"पुढचं करू की नको?" भिंगरीनं विचारलं. "हे टोक झाकता येईल. इथे दाट पानांचा झुबका काढला तर काही दिसणार नाही."

थोरली हो म्हणणार होती. त्यासाठीच तर ती पलंगावर चढली होती.

"नको," धाकटी म्हणाली. तिनं वाकून त्या रुंद, जाड भागावर बोट ठेवलं. बाकी पोटाला काही कळत नसलं तरी तिथलं बोट थोरलीला कळलं. "बाकी सगळीकडे काढ पानं. हे सोड. एवढा वण माझ्यापायी पडलाय, तो झाकू नकोस."

भिंगरीनं आईकडे बघितलं. थोरलीनं मान हलवली. वेल उजवीकडे वळता वळता थांबली, शेवटच्या पानाच्या पुढे कातडी होती तशी राहिली.

काम आटोपलं, भिंगरीनं पोट पुसून त्यावर पातळ चकचकीत कागद चिकटवला आणि थोरलीला टॉवेलात गुंडाळून मधलं दार उघडलं. आबा आत आले. उलटी बाजू कुणी बघायची, हा प्रश्न त्यांनी बाहेर बसून सोडवला होता. कातडीची उलटी बाजू दिसत नाही, तेव्हा साक्षीला होतं त्यानं सांगावं, असा त्यांनी निकाल दिला.

"खोट सांग," ते धाकटीला म्हणाले.

"उजव्या टोकाला दोन बोटं जागा उघडी राहिलीय, आबा."

"मग भरून टाक म्हणावं. अजून उजेड आहे."

"नाही. ती तशीच राहणार आहे."

आबांनी सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दुसऱ्या सुनेकडे. चौकशी करायचा त्यांचा अधिकार होता, पण तो त्यांनी वापरला नाही. भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून काम झालं एवढंच ते म्हणाले, आणि चहाचं बघा म्हणून मुलांना हाकलायला दुकानात गेले.

स्कर्ट चढवायची वेळ आली तेव्हा भिंगरीनं बजावलं, की आता पंधरा दिवस तिथे घट्ट काही घालायचं नाही, कापड घासलं तर शाई निघेल. थोरलीकडे सैल असं काही नव्हतंच. सगळ्या कमरा तिनंच आत घेतलेल्या. धाकटीनं निळा स्कर्ट हातात घेतला, कमरेची पट्टी उलटी केली आणि खिशातल्या बारीक कात्रीनं थोरलीचे टाके एकेक करून उसवायला लागली. या घरात जास्तीचं कापड कधी कापून टाकत नाहीत, आत दुमडून ठेवतात. आज बारीक असलेलं माणूस उद्या नसतं, हेही आबांचंच. डॉक्टरकडे तशी सोय नसते, हे थोरलीला आता कळत होतं.

टाके निघाले तशी दुमड उघडत गेली. आतलं कापड होतं तसंच होतं, चांगलं चार बोटं. त्याचा रंग मात्र बाहेरच्या कापडाहून कितीतरी गडद होता, कारण तीन वर्षं त्याला ना ऊन लागलं होतं ना साबण. दोन निळ्यांच्या मधे जुन्या दुमडीची सरळ रेघ होती. थोरलीनं ती अंगठ्यानं चोळून बघितली.

"धुतल्यावर एक होईल का ग?" तिनं विचारलं.

धाकटीनं पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि नीट पाहिली.

"नाही, ताई. फरक राहील," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.